विहिरीच्या तळाचा दाब

डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरून पूर्वेकडे थोडें चाललें कीं माझगांवच्या गोदीची लांबच लांब भिंत लागते. भिंतीपलीकडे काय चाललें आहे हें रस्त्यानें जाणारास दिसत नाहीं; उंच याऱ्यांचीं डोकीं तेवढीं दिसतात आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज ऐकूं येतो. माझगांव हें मुंबईच्या मूळ सात बेटांपैकीं एक. कोळ्यांचीं घरें, आंब्यांच्या बागा आणि टेकडीवरचा किल्ला असें त्याचें जुनें रूप होतें. १७७४ सालीं येथें एक लहानशी सुकी गोदी झाली; १९३४ सालीं तिची रीतसर कंपनी स्थापन झाली आणि १९६० सालीं भारत सरकारनें ती आपल्याकडे घेतली. ह्या गोदीचें नांव निघालें कीं आपणांस युद्धनौका आठवतात आणि तें योग्यच आहे. १९७२ सालीं आरमारांत दाखल झालेली ‘निलगिरि’ इथलीच. परंतु ह्याच गोदींत आणखी एका जातीचें काम झालें. समुद्राच्या तळावर पाय रोवून उभे राहणारे लोखंडी मंच, त्यांचे सांगाडे, आणि पाय वरखालीं करून समुद्रांत हवें तेथें उभीं राहणारीं विंधनयंत्रें इथें बांधलीं गेलीं व मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे रवाना झालीं.

मी शाळेंत शिकवीत असतांना एक रुपयाची नोट वर्गांत फिरवीत असें. त्या नोटेच्या पाठीमागें एका यंत्राचें चित्र होतें. हें काय आहे असें विचारलें म्हणजे कोणी पूल म्हणे, कोणी कारखाना म्हणे, कोणी विजेचा मनोरा म्हणे. तें ‘सागर सम्राट’ नांवाच्या विंधननौकेचें चित्र होतें. समुद्रांत विहीर खणतात हें ऐकून मुलांना नवल वाटे, आणि मग एखादा चौकस मुलगा हटकून विचारी, “गुरुजी, खालीं काय आहे हें वरच्या माणसाला कसें कळतें?” प्रश्न लहान होता, पण त्याचें उत्तर शोधतां शोधतां मनुष्यजातीला दोनशें वर्षांहून अधिक काळ लागला आणि त्यापायीं पुष्कळ माणसें प्राणांस मुकलीं. त्या उत्तराचा इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावा असा माझा विचार आहे.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. जमिनीखालचा खडक म्हणजे भरीव, कोरडा दगड असें आपण धरून चालतों. वास्तविक वाळूचा दगड, चुनखडक, चिकणमातीचा थर, ह्या सर्वांत कणाकणांमध्यें बारीक रंध्रें असतात आणि खोलवर तीं पाण्यानें, क्वचित् तेलानें वा वायूनें भरलेलीं असतात. त्या रंध्रांतील द्रवाला जो दाब असतो त्यास रंध्रदाब म्हणतात. पाण्याचा हिशेब सोपा आहे: दर दहा मीटर खोलीस प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर सुमारें एक किलोग्रॅम दाब वाढतो. मुंबई हायचा मुख्य चुनखडक समुद्राखालीं सुमारें १,३५० मीटर खोल आहे; केवळ पाण्याच्या हिशेबानेंच तेथें चौरस सेंटिमीटरावर १३५ किलोग्रॅमांचा भार होतो. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर धान्याचीं दीड पोतीं ठेवल्यासारखें हें झालें. वरील दगडमातीचें वजन तर ह्याच्या दुपटीहून अधिक असतें. परंतु तें वजन सामान्यतः एक कण दुसऱ्या कणावर, दुसरा तिसऱ्यावर असें पेलून धरतो, आणि पाण्याला फक्त पाण्याचाच भार सोसावा लागतो. अशी वाटणी सरळ असेल तोंवर विहीर खणणारास भय नसतें.

ही वाटणी बिघडते कशी, हें समजण्यास श्रीखंडाच्या चक्क्याचें उदाहरण पुरेसें आहे. दहीं फडक्यांत बांधून त्यावर पाटा ठेवला कीं पाणी झिरपून जातें, दहीं घट्ट होत जातें आणि पाट्याचें वजन शेवटीं त्या घट्ट चक्क्यावर येतें. आतां तेंच दहीं मेणकापडांत करकचून बांधा व त्यावर पाटा ठेवा. पाण्यास वाट नाहीं. म्हणून दहीं घट्ट होत नाहीं आणि पाट्याचा भार आंतल्या पाण्यावरच राहतो. अशा पुरचुंडीस सुई टोंचली तर काय होईल हें घरांतील कोणतीही गृहिणी सांगेल. नद्यांच्या मुखाशीं गाळ भराभर सांचतो. चिकणमातीच्या थरांतून पाणी फार सावकाश निघतें. तें निघण्याच्या आंतच वर आणखी हजारों फूट गाळ येऊन बसला, तर खालचें पाणी कोंडलें जातें आणि जें ओझें कणांनीं वाहावयाचें तें पाणी वाहूं लागतें. लक्षावधि वर्षें तें तसेंच कोंडून राहतें. मग एके दिवशीं मनुष्य वरून सुई टोंचतो, तीच विंधनविहीर.

पाणी आपल्या दाबानें वर येतें ही गोष्ट जुन्या लोकांस ठाऊक होती. फ्रान्समधील आर्त्वा प्रांतांत बाराव्या शतकापासून अशा विहिरी आहेत आणि त्या प्रांताच्या नांवावरूनच त्यांना आर्टेशियन विहिरी म्हणतात. इटलींतील मोदेना शहराच्या विहिरींविषयीं रामाझ्झिनी नामक वैद्यानें १६९१ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील कामकरी सुमारें साठ फूट खणून चिकणमातीच्या थरापर्यंत जात, मग त्या थरांत गिरमिटानें भोंक पाडीत. पाणी एकदम उसळून विहीर भरून टाकी; म्हणून खालच्या माणसाला चपळाईनें वर यावें लागे. तेथें दाब मोजण्याचें साधन एकच होतें: मनुष्याचे पाय! पॅरिसमध्यें ग्रेनेल येथें मुलो नांवाच्या कारागिरानें १८३३ सालीं विंधन सुरू केलें आणि सात वर्षांहून अधिक काळ खपून, १८४१ च्या फेब्रुवारींत, ५४८ मीटर खोलीवर त्याला उसळतें पाणी लागलें. आपल्याकडे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्यें १८३५ ते १८४० ह्या काळांत ४८१ फुटांपर्यंत विंधन झालें. तेथें मात्र उसळतें पाणी मिळालें नाहीं. ह्या सर्व उद्योगांत खालच्या दाबाचा पूर्वअंदाज करण्याची कांहींच युक्ति नव्हती. लागलें तर दैव, न लागलें तर दैव.

तेलाच्या शोधांत हेंच दैव उग्र रूपानें प्रकट झालें. अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं ब्यूमाँट गांवाजवळ स्पिंडलटॉप नांवाचा एक बुटका उंचवटा आहे. तेथें १९०१ च्या जानेवारीच्या १० तारखेस, हजार फुटांहून थोड्या अधिक खोलीवर असतां, विहिरींतून आधीं चिखल, मग वायू आणि मग तेलाचा स्तंभ शंभर फुटांहून उंच उडाला. नऊ दिवस तो कोणास आवरतां आला नाहीं. ही बातमी ऐकून लोक आगगाडीनें तमाशा पाहावयास आले. त्या काळीं अशी विहीर उसळणें ही भाग्याची खूण मानीत. लोक तिच्यापुढें उभे राहून छायाचित्रें काढवून घेत. तेल वाया जातें, वायूस ठिणगी लागली तर माणसें जळतात, आणि हें भाग्य नसून खणणाराची चूक आहे, ही दृष्टि यावयास आणखी वीस-पंचवीस वर्षें जावीं लागलीं. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, एखाद्या गोष्टीस आपण अपघात म्हणूं लागतों तेव्हांच तिचें कारण शोधूं लागतों. तोंवर ती चमत्काराच्याच सदरांत मोडते.

त्याच स्पिंडलटॉपवर एक उपयुक्त युक्तिही रूढ झाली. वाळूच्या थरांत भोंक ढांसळूं लागलें, तेव्हां खणणारांनीं गुरें पाण्याच्या खळग्यांतून फिरवून चिखल तयार केला व तो विहिरींत सोडला, असें सांगतात. हा चिखल पोकळ नळांतून खालीं जातो, पात्याच्या तोंडाशीं बाहेर पडतो आणि दगडाचा चुरा घेऊन नळाच्या बाहेरील अंगानें वर येतो. भोंक ढांसळत नाहीं, पातें थंड राहतें, चुरा वर येतो, असे त्याचे तीन गुण प्रथम दिसले. चौथा गुण सर्वांत मोठा होता, पण तो मागाहून उमगला: चिखलाच्या स्तंभाचें वजन खालच्या द्रवाला दाबून धरतें. १९२० नंतरच्या दशकांत लुइझियाना प्रांतांत ह्या चिखलांत बॅराइट नांवाच्या जड खनिजाची पूड मिसळूं लागले. बॅराइट पाण्याच्या चौपटीहून जड असतें. त्याच्या योगानें चिखल हवा तितका भारी करतां येतो. आपल्या देशांत आंध्रांतील मंगमपेट येथें बॅराइटचा फार मोठा सांठा आहे, आणि चिखलाला दाटपणा आणणारी बेंटोनाइट माती कच्छांत मिळते. त्याच सुमारास अबरक्रॉम्बी व कॅमेरॉन ह्या दोघां अमेरिकनांनीं विहिरीच्या तोंडावर बसवावयाची, पोलादी जबडे मिटून विहीर बंद करणारी झडप तयार केली. एक उपाय वजनाचा व दुसरा कुलपाचा.

तथापि चिखल किती भारी करावा, हा प्रश्न राहिलाच. हलका केला तर खालचा द्रव वर चढतो. फार भारी केला तर त्याच्याच ओझ्यानें खडकाला तडे जातात आणि चिखल त्या तड्यांत निघून जातो. मग विहिरींतील स्तंभ उतरतो, वजन घटतें, आणि ज्या आपत्तीच्या भयानें चिखल भारी केला तीच आपत्ति समोर उभी राहते. खालचा रंध्रदाब आणि खडक फुटण्याचा दाब ह्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत चिखलाचें वजन ठेवावें लागतें. कांहीं ठिकाणीं हा पट्टा फार अरुंद असतो. तेव्हां रंध्रदाब जाणल्यावांचून खणणें म्हणजे डोळे बांधून तारेवर चालणें.

ह्या दाबाचें शास्त्र तेलवाल्यांनीं लावलें नाहीं. तें मातीच्या अभ्यासकानें लावलें. कार्ल तेर्झागी हा प्राग येथें जन्मलेला अभियंता कॉन्स्टँटिनोपल येथें शिकवीत असतां चिकणमातीवर प्रयोग करीत होता. इमारती खचतात त्या कां, हा त्याचा प्रश्न. ओल्या चिकणमातीवर भार ठेवला कीं तो प्रथम आंतल्या पाण्यावर येतो आणि पाणी जसजसें निघून जाईल तसतसा कणांवर उतरतो, हें त्यानें गणितानें दाखवून दिलें. त्याचा ग्रंथ १९२५ सालीं व्हिएन्ना येथें प्रसिद्ध झाला. मघाचा चक्का आणि तेर्झागीचें गणित हें एकच तत्त्व आहे. पुढें १९५३ सालीं जॉर्ज डिकिन्सन ह्यानें लुइझियानाच्या किनाऱ्यावरील विहिरींत खोलवर जो अवाजवी दाब सांपडतो त्याचा संबंध अशा कोंडलेल्या पाण्याशीं जोडला. १९६५ सालीं हॉटमन व जॉन्सन ह्यांनीं असें दाखविलें कीं, चिकणमातीच्या खडकांतून ध्वनि किती वेगानें जातो व वीज कितपत वाहते हें मोजलें असतां तेथील दाबाचा अंदाज करतां येतो. कारण ज्या थरांत पाणी कोंडलें आहे तो थर आपल्या खोलीच्या मानानें मऊ व अधिक ओला राहिलेला असतो.

परंतु ही मोजणी, भोंक पाडून झाल्यावर त्यांत यंत्र सोडून करावी लागे. म्हणजे वाघाच्या गुहेंत जाऊन आल्यावर आंत वाघ होता असें कळावयाचें! खणत असतांनाच कळावें अशी युक्ति १९६६ सालीं जॉर्डन व शर्ली ह्या दोघांनीं सुचविली. पात्यावर किती भार आहे, तें मिनिटास किती फेरे घेतें, त्याचा व्यास किती, आणि तें तासाला किती फूट उतरतें, ह्यांवरून त्यांनीं एक अंक बसविला. नेहमींच्या चिकणमातीच्या खडकांत जसजसें खोल जावें तसतसा खडक घट्ट होतो व हा अंक वाढत जातो. तो वाढावयाचा सोडून कमी होऊं लागला, तर खालीं कोंडलेल्या पाण्याचा प्रदेश जवळ आला असें समजावें. पातें अकारण सोपेपणानें कापूं लागलें तर अननुभवी मनुष्य खूष होतो. जाणता मनुष्य थांबतो.

आणखीही खुणा आहेत, आणि त्या ओळखणें हें विंधनमंचावरील कित्येक माणसांचें अष्टौप्रहर काम असतें. चिखलाबरोबर येणारा चुरा बारीक व चपटा असावा. त्याऐवजीं लांबट, वांकड्या, कांचेच्या कपच्यांसारख्या चिपा येऊं लागल्या तर भोंकाच्या भिंती आंतून फुटत आहेत असें समजावें. चिखलांत वायूचें प्रमाण वाढतें, परत येणाऱ्या चिखलाची उष्णता बदलते, नळ वर ओढतांना अडकतो. सर्वांत निर्वाणीची खूण अगदीं साधी आहे: जितका चिखल खालीं सोडला त्याहून अधिक वर आला, हौदांतील पातळी वाढली, तर तो अधिक भाग चिखलाचा नव्हे; तो पाताळांतून आलेला पाहुणा आहे. कामगार त्यास ‘किक’ म्हणतात. नळ झपाट्यानें वर ओढला तर तो पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणें खालचा द्रव ओढून घेतो. म्हणून नळ हळू काढावयाचा आणि काढलेल्या नळाच्या आकारमानाइतका चिखल मोजून भोंकांत भरावयाचा, असा नियम आहे. १९७८ च्या सुमारास पात्याच्या मागेंच मापनयंत्रें बसवून, चिखलाच्या स्तंभांतून नाडीसारखे ठोके पाठवून, तळची वार्ता खणतां खणतांच वर आणण्याची पद्धति व्यवहारांत आली. खालून येणारे ते ठोके वर बसलेला मनुष्य मोजतो; वैद्य मनगटावर बोटें ठेवून मोजतो तसेच.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. १९५६ सालीं तेल व नैसर्गिक वायु आयोग स्थापन झाला. १९६० नंतरच्या दशकांत सोव्हिएत तज्ज्ञांच्या साह्यानें खंबायतच्या आखातांत व मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाची पाहणी झाली आणि मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर, पाऊणशें मीटर पाण्याखालीं, एका विस्तीर्ण उंचवट्याचा पत्ता लागला. जपानांत मित्सुबिशीच्या कारखान्यांत १९७३ सालीं तयार झालेली ‘सागर सम्राट’ तेथें गेली आणि १९७४ च्या फेब्रुवारीच्या १९ तारखेस तेल लागलें. आदल्याच वर्षीं अरब राष्ट्रांनीं तेलाचा भाव चौपट केला होता, ही पार्श्वभूमि लक्षांत घेतली म्हणजे त्या बातमीचें मोल कळेल. मी त्या वेळीं शाळकरी पोर होतों. घासलेटच्या रांगेंत उभें राहणें हें घरांतील माझें काम होतें, आणि त्या रांगेंतल्या मोठ्या माणसांचे चेहरे मला अजून आठवतात. १९७६ सालीं तेथून तेल काढण्यास प्रारंभ झाला आणि मग शेंकडों विहिरी, त्यांवरील मंच आणि उरणपर्यंतचे नळ असा पसारा वाढत गेला. ह्याच पसाऱ्यापैकीं कांहीं लोखंड माझगांवच्या भिंतीआड कापलें, जोडलें आणि रंगविलें गेलें. गोदींतील सांधणी करणारा कामगार ती विहीर कधींच पाहत नाहीं. परंतु त्याच्या एका सांध्यावर, समुद्रांत पावसाळी रात्रीं मंचावर झोंपलेल्या माणसाचा जीव अवलंबून असतो.

समुद्रानें आणि पाताळानें आपली परीक्षा घेतलीच. १९८२ च्या जुलै महिन्यांत, ऐन पावसाळ्यांत, मुंबई हायमध्यें ‘सागर विकास’ ही विंधननौका काम करीत असतां विहिरीचा उद्रेक झाला. १९८६ सालीं तेल उद्योगाच्या सुरक्षिततेसाठीं एक स्वतंत्र संचालनालय निर्माण झालें. त्यानंतरही, १९९५ च्या जानेवारीच्या ८ तारखेस, आंध्रांत गोदावरीच्या मुखाशीं पासर्लपुडी येथें जमिनीवरील एक विहीर उसळून पेटली. नारळीच्या बागांमधून ती ज्वाळा ६५ दिवस जळत होती. आसपासच्या गांवकऱ्यांना घरें सोडून जावें लागलें. ज्या नदीनें तो सुपीक गाळ आणून टाकला, त्याच गाळाच्या खोल थरांत वायूही दडलेला होता. नदीचें देणें हें असें दुहेरी असतें.

तुम्ही म्हणाल, आतां तर यंत्रें इतकीं सूक्ष्म झालीं. मग भय कशाचें? ह्यास उत्तर म्हणून मी २०१० सालची एक गोष्ट सांगतों. मेक्सिकोच्या आखातांत ‘डीपवॉटर होरायझन’ ह्या नौकेवर एक विहीर खणून पुरी होत आली होती. एप्रिलच्या २० तारखेस विहीर नीट बंद झाली कीं नाहीं ह्याची चांचणी घेण्यांत आली. नळावरील मापकानें दर चौरस इंचास सुमारें १,४०० पौंड दाब दाखविला. विहीर बंद असती तर तो शून्य असावयास हवा होता. दुसऱ्या एका नळींतून कांहीं वाहत नव्हतें. म्हणून तो दाब कांहीं अन्य कारणानें दिसत असेल, अशी उपपत्ति मंचावर पुढें आली आणि चांचणी उत्तीर्ण झाली असें ठरलें. त्याच रात्रीं स्फोट झाला, ११ माणसें मेलीं, आणि पुढें सुमारें तीन महिने आखातांत तेल वाहत राहिलें. हें सर्व पुढील चौकशींत बाहेर आलें. मापक खोटें बोललें नव्हतें. त्याचें बोलणें माणसांना गैरसोयीचें होतें. काम लांबलें होतें, खर्च वाढला होता, सर्वांस तेथून निघण्याची घाई होती. अशा वेळीं मनुष्य खुणेचा अर्थ खुणेवरून लावीत नाहीं, आपल्या इच्छेवरून लावतो.

रंध्रदाबाचा विषय केवळ तेलवाल्यांचा आहे असें मानून महाराष्ट्रीयांस स्वस्थ बसतां येणार नाहीं. १९६७ च्या डिसेंबरच्या ११ तारखेस पहांटे कोयनानगरला भूकंपाचा जो धक्का बसला, तो मुंबईंतही जाणवला. त्यांत दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. कोयनेचा जलाशय त्यापूर्वीं थोडींच वर्षें भरूं लागला होता. त्याच दशकांत अमेरिकेंत डेन्व्हर शहराजवळ एका सुमारें ३,६७० मीटर खोल विहिरींत १९६२ पासून सांडपाणी दाबानें सोडूं लागले, तेव्हां त्या भागांत भूकंप होऊं लागले असें आढळून आलें. ह्याचें कारण हबर्ट व रूबी ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं मांडलेल्या सिद्धांतांत होतें. गरम वाटी ओल्या फरशीवर पालथी ठेवली तर ती आपोआप सरकते, हें स्वयंपाकघरांत आपण पाहिलें असेल. आंतली हवा तापून वाटीचें वजन थोडें उचलून धरते व घर्षण कमी होतें. खडकांतील भेगांत पाण्याचा दाब वाढला कीं तसेंच घडतें: भेगेच्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारा भार हलका होतो आणि पूर्वींपासून ताणलेला खडक सरकतो. हा ताण पाणी उत्पन्न करीत नाहीं. तो आधींच असतो. पाणी फक्त खीळ सैल करतें.

म्हणून कोयना-वारणेच्या परिसरांत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत २१ विंधनविहिरी केवळ भूगर्भजलाची चढउतार पाहण्याकरितां घेतल्या. ह्या विहिरींतून कोणी पाणी काढीत नाहीं. त्या नुसत्या ऐकत बसलेल्या असतात. पुढें अधिक खोल विंधनें झालीं. रासाटी येथें सुमारें ९३३ मीटर काळा पाषाण भेदल्यावर खालीं ग्रॅनाइटाच्या जातीचा प्राचीन खडक लागला. २०१७ सालीं गोठणें येथील विंधन ३ किलोमीटरांपर्यंत पोंचलें, आणि ह्या अभ्यासासाठीं कऱ्हाड येथें एक प्रयोगशाळाही उभी राहिली. तेलासाठीं शिकलेली विद्या अशा रीतीनें भूकंपाच्या अभ्यासास उपयोगी पडली. भूकंप अमुक दिवशीं होईल असें सांगण्याची शक्ति अद्याप कोणास नाहीं. परंतु जेथें भूकंप उपजतो त्याच्या अधिकाधिक जवळ कान नेण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो आपल्या सह्याद्रींत होत आहे.

श्रोतेहो, ह्या सर्व इतिहासाचा मथितार्थ काय? मोदेनाचा कामकरी पायांच्या चपळाईवर जगत होता. स्पिंडलटॉपच्या लोकांनीं आपत्तीला भाग्य समजून तिच्यापुढें छायाचित्रें काढविलीं. तेर्झागीनें तिचें गणित मांडलें, जॉर्डन व शर्ली ह्यांनीं तिची चाहूल घेण्याची रीत सांगितली, आणि आज तळचा ठोका खणतां खणतांच वर ऐकूं येतो. साधनें वाढलीं, ह्यांत संशय नाहीं. परंतु साधन जें सांगतें त्यावर विश्वास ठेवून काम थांबविण्याचें धैर्य कोणत्याही कारखान्यांत ओतून मिळत नाहीं. हौदाची पातळी बोटभर वाढलेली प्रथम ज्याला दिसते तो बहुधा सर्वांत खालच्या पगाराचा मनुष्य असतो. “थांबा” असें म्हणण्याची त्याची छाती व्हावी आणि त्याचें म्हणणें वरिष्ठांनीं ऐकून घ्यावें, ह्यावर सर्वांचे प्राण अवलंबून असतात. अलीकडे पुष्कळ विंधनमंचांवर, धोका दिसल्यास कोणासही काम थांबवितां येईल, असा दंडक घातला आहे. दंडक लिहून ठेवणें सोपें. तो पाळण्याची संवय लावणें हें शिक्षणाचें काम आहे.

शाळेंतही हेंच पाहावयास मिळतें. वर्गांतला एखादा मागच्या बांकावरचा मुलगा हळूच म्हणतो, “गुरुजी, फळ्यावरच्या गणितांत चूक आहे.” त्याला गप्प बसविणें फार सोपें असतें. मीं तसें कधीं केलें नाहीं, असें म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं. परंतु जेव्हां खडू हातांत घेऊन गणित पुन्हां तपासलें, तेव्हां बहुतेक वेळां तो मुलगाच बरोबर निघाला. आपण आपल्या मुलांना प्रश्न विचारण्यास, आणि स्वतःला तो प्रश्न ऐकून घेण्यास शिकवूं, तर पुढें त्यांपैकीं कोणी माझगांवच्या गोदींत लोखंड सांधील, कोणी समुद्रांत विहिरीच्या तोंडाशीं उभा राहील, तेव्हां ती संवय त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या उपयोगी पडेल.